चौसष्टावा ठसा

शुक्रवारी सकाळी साडेआठला मास्तरांनी दार उघडलं, तर समोर एक साठीची बाई उभी. उंच, काटक, केस आखूड कापलेले, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत नारिंगी. मास्तर दचकून एक पाऊल मागे सरले.

"घाबरू नका, गंज आहे," ती म्हणाली. "चोऱ्या शोधणाऱ्या ताई इथेच राहतात ना?"

मास्तर म्हणजे ताईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. घरी बसून करायचं काय, म्हणून रोज सकाळी मेहुणीकडे येऊन पेपर वाचायचा, आणि तिला काम आलं की पिशवी उचलून मागोमाग निघायचं, हा त्यांचा शिरस्ता. ताई पूर्वी विमा कंपनीसाठी जळालेल्या इमारती तपासायच्या. राख बघून आग कुठून लागली ते सांगायच्या. आता लोकांच्या भानगडी निस्तरत होत्या. या कामात डोकं ताईंचं आणि शिस्त आपली, असं मास्तरांचं ठाम मत होतं. ताईंनी ते कधी खोडून काढलं नव्हतं.

बाई खुर्चीच्या कडेवर बसली. हात मांडीवर उताणे ठेवले, म्हणजे खुर्चीला डाग नको.

"मी चित्रकार. पण रंगाची ट्यूब बावीस वर्षांत विकत घेतलेली नाही. कापड व्हिनेगर-मिठाच्या पाण्यात भिजवायचं, त्यावर भंगारातलं लोखंड मांडायचं, वरून प्लास्टिक झाकायचं. लोखंड गंजतं, गंज कापडात उतरतो, आणि चित्र होतं. गल्लीत मला गंजवाली म्हणतात. म्हणू देत. माझी वही चोरीला गेलीय."

"कसली वही?" ताईंनी विचारलं.

"प्रयोगांची. दोऱ्याने बांधलेली सुटी पानं. कुठल्या कापडाला किती व्हिनेगर, किती मीठ, किती तास, सगळं त्यात. नव्या वाचनालयाच्या भिंतीसाठी चौदा हात लांबीचं कापड सोमवारी मांडलं. शनिवारी उघडायचं होतं, पण उन्हाने गंज फार भराभर धरला. म्हणून आज सकाळीच लोखंड उचललं आणि वहीसाठी पेटी उघडली. पेटीला कुलूप जसंच्या तसं, चावी खिळ्यावर जागच्या जागी, आणि आत वही नाही."

"कापडावरचं लोखंड उचललंत ना? मग आता वही कशाला लागते?"

"गंज एकदा धरला की आपणहून थांबत नाही. लोखंड काढलं तरी कापड खातच राहतो. त्याला सोड्याच्या पाण्यात बुडवून थांबवावं लागतं. सोडा कमी पडला तर वर्षभरात कापडाची चाळण. जास्त झाला तर रंग मेला. दहा बादल्यांना किती घालायचा ते वहीत आहे."

"आणि तुम्हाला आठवत नाही."

बाईने मान वर केली. "चौदा महिन्यांपूर्वी डोक्यात गुठळी झाली. बोलणं परत आलं, हात परत आला. आकडे तेवढे पाठ राहत नाहीत. म्हणून वही. ओलं ठेवलं तर कापड उद्या दुपारपर्यंत दम धरेल. त्यानंतर गेलं. या आजारानंतरचं हे माझं पहिलं मोठं काम आहे ताई. ते मी अंदाजपंचे बुडवणार नाही, आणि सोडूनही देणार नाही."

"पोलीस?"

"पोलीस म्हणतील, नवी वही घ्या. लेक म्हणते, कशाला बाहेरची माणसं घरात आणतेस. तिला न सांगता आलेय मी."

ताईंनी चष्मा पुसला. मास्तरांनी पिशवी उचलली.

*

कार्यशाळा एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होती. दार उघडताच आंबट वासाने मास्तरांचं नाक झोंबलं. फरशीवर प्लास्टिकच्या पसाऱ्यात ते लांबलचक कापड ओलं पडलेलं. त्यावर कात्र्या, बिजागऱ्या, साखळ्या, दातेरी चाकं यांचे पिवळे, नारिंगी, तपकिरी ठसे. जवळून बघावं तर भंगार, आणि जरा लांब गेलं की ओळीने चालत निघालेली माणसं. मास्तरांना चित्रातलं काही कळत नसे, पण ते बराच वेळ बघत राहिले.

खिडकीपाशी एक तिशीतली मुलगी सकाळी उचललेलं लोखंड पुसत बसली होती. खांद्याला डब्याची पिशवी. चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्याचा थकवा.

"ही माझी लेक," बाई म्हणाली. "रोज दुपारी एकला डबा घेऊन येते, सहापर्यंत असते. आज मी फोन केला म्हणून लवकर आलीय."

लेकीने ताईंकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. "आई, उगाच त्रास देतेस सगळ्यांना. कापडाला काही होणार नाही. उद्या सगळं नीट होईल."

"वहीशिवाय कसं होईल? तुला येतं का?"

"मला कुठलं येतंय. मी पाणी भरणारी."

दाराला लागून एक बाक, बाकाच्या वर खिळा, खिळ्याला चावी. ताईंनी ती काढून मास्तरांच्या हातात दिली. जुनी लोखंडी चावी, वीतभर लांब. मास्तरांच्या हातून ती निसटून खाली पडली.

"कवायतीत काठी कधी पडली नाही, आणि चावी पडते?" ताई म्हणाल्या.

"गुळगुळीत आहे हो. आणि वास येतोय मधासारखा."

पेटी पलीकडच्या भिंतीशी होती. कुलपावर साधा ओरखडा नव्हता. "वही शेवटची कधी पाहिलीत?" ताईंनी विचारलं.

"मंगळवारी तीनला. लिहिलं, पेटी बंद केली, चावी लावली खिळ्याला. मग खाली अंगणात गोणपाटं वाळत घालायला गेले."

"त्यानंतर कोण कोण येऊन गेलं?"

"माझी जुनी शिष्या. सहा वर्षांपूर्वी शिकून गेली, आता तिचं नाव माझ्याहून मोठं आहे. ती मंगळवारी चारला आली आणि काल, गुरुवारी, अकराला. वही बघायला मागत होती, मी नाही म्हटलं. दुसरा प्रदर्शनवाला. वाचनालयाच्या उद्घाटनाचं सगळं तोच बघतो. तो सोमवारी आला होता आणि बुधवारी दुपारी बाराला. बाकी चिटपाखरू नाही. जाताना कार्यशाळेला मी स्वतः कुलूप घालते, त्याची चावी माझ्या कमरेला."

ताई कापडाभोवती फिरू लागल्या. "बाई, लोखंडाचे किती नग मांडले होते?"

"त्रेसष्ट. यादी भिंतीवर आहे."

"भावोजी, ठसे मोजा."

मास्तरांना मनासारखं काम मिळालं. त्यांनी एका टोकापासून सुरुवात केली, बोटाने हवेत टिचक्या मारत. शेवटाला आले आणि कपाळाला आठी पडली. परत मोजलं. "चौसष्ट. माझंच काहीतरी चुकतंय."

"तीस वर्षं सहलीला मुलं नेलीत, एखादं हरवलं?"

"एकही नाही."

"मग आत्ताही चुकत नाही." ताई कोपऱ्यात गुडघ्यांवर बसल्या. दोन बिजागऱ्यांच्या मधे एक बारीक नारिंगी ठसा होता, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला दाते. त्यांनी चावी त्यावर अलगद धरली. तंतोतंत बसली.

बाईचा आवाज चढला. "पेटीची चावी मी का मांडेन? ती कधीच चित्रात वापरत नाही."

"ती तुम्ही मांडलेली नाही. किती वेळ पडून होती ते कळेल?"

उत्तरेची अख्खी भिंत कापडाच्या पट्ट्यांनी भरली होती. प्रत्येक पट्टीखाली बाईच्या अक्षरात चिठ्ठी. वरच्या रांगेत तास: एक तासाची फिकट पिवळी, सहा तासांची हळदी, एक दिवसाची नारिंगी, दोन दिवसांची गडद तपकिरी. ताईंनी मास्तरांना पट्ट्या खाली आणून ठशाशेजारी धरायला लावल्या.

"एक दिवसाची," मास्तर म्हणाले. "तपकिरीच्या आसपाससुद्धा नाही."

बाईनेही वाकून पाहिलं आणि मान हलवली. लेक लोखंड पुसतच होती.

"ते काय चोळता त्याला?" ताईंनी विचारलं.

"मेण," लेक म्हणाली.

बाईने समजावलं. "कापडावरून उचललेलं लोखंड पुसायचं, वाळवायचं आणि चोळूनच ठेवायचं. नाहीतर पुढच्या चित्रात नको तिथे गंज उठतो. हा इथला पहिला धडा. आधी तेल लावायचो, पण तेलाचे डाग कापडावर उमटायचे. तीन वर्षांपासून मधमाश्यांचं मेण." मग ती लेकीकडे वळली. "अगं, नुसतं बसवत नाही मला. एक पट्टी भिजवून ठेवू. एक तांब्या पाण्याला चार मापं व्हिनेगर घाल. चार, त्या चिठ्ठीवर आहे बघ."

बाई कापडावर पाणी शिंपायला वाकली. लेक उठली, खांद्यावरची पिशवी सावरत बाटलीपाशी गेली. मास्तर बघत होते. एक माप, दोन मापं, तीन मापं. बाटलीला बूच लावलं. पोरगी कामात कच्ची दिसते, मास्तरांच्या मनात आलं. शाळेत असती तर मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

ताई अजून भिंतीशी होत्या, आता खालच्या रांगेत. तिथे पट्ट्या व्हिनेगरच्या मापांप्रमाणे लावलेल्या. जितकी मापं जास्त, तितका रंग काळपट. "भावोजी, ही पाच वर्षांपूर्वीची, चिठ्ठीवर तीन मापं. ही गेल्या महिन्यातली, चिठ्ठीवर चार. उजेडात धरा. फरक दिसतो?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. "दोन्ही सारख्याच. जुळ्या बहिणी म्हटलं तरी चालेल."

"चालेल," ताई म्हणाल्या, आणि पट्ट्या जागच्या जागी लावल्या.

*

शिष्येचं घर ऐसपैस होतं. दिवाणखान्यातच तिचं काम चाले. चाळिशीची, बोलण्यात तिखट, हातात तेलाची चिंधी. एक लांब साखळी मांडीवर घेऊन ती कडी-कडी पुसत होती.

"मी चोरली असं वाटतंय ना? वाटू दे. हे बघा." तिने भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. गंजाच्या मधोमध बोट जाईल एवढं भोक. "तिघांनी चित्रं परत पाठवलीत. माझं गंज थांबवणीचं, सोड्याचं पाणी कुठेतरी चुकतंय. बाईंनी ते मला शिकवलं तेव्हा मी ऐकलं नाही, लिहून घेतलं नाही. आता त्यांचे पाय धरले तरी त्या वही दाखवत नाहीत."

"हात शिवशिवले असतील," ताई म्हणाल्या.

"शिवशिवले. खोटं कशाला बोलू? पण मंगळवारी बाई मला फाटकातच भेटल्या, आम्ही दोघी बरोबरच वर गेलो. लेक कोपऱ्यात प्लास्टिक उचलून पाणी शिंपडत होती. आम्ही दाराशी बाकावर बसलो ते सहापर्यंत, मी गयावया करतेय आणि बाई नन्नाचा पाढा लावतायत. काल तर त्यांनी मला उंबऱ्यातूनच परत पाठवलं."

बाहेर पडल्यावर मास्तर म्हणाले, "हीच. मंगळवारी चावी लपवली, गुरुवारी परत खिळ्याला लावली."

"आणि उंबऱ्यातून हात किती लांब केला?"

मास्तरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

प्रदर्शनवाला वाचनालयाच्या नव्या दालनात काचेची पेटी पुसत होता. गोरागोमटा, सतत हसणारा माणूस. वही गेल्याचं ऐकून त्याचा चेहरा पडला, आणि लगेच सावरला.

"वाईट झालं. पण एक सांगू? चोरीची बातमी फुटली ना, तर उद्घाटनाला पाय ठेवायला जागा उरणार नाही."

मास्तरांनी ताईंकडे अर्थपूर्ण पाहिलं. ताई काचेच्या पेटीकडे बघत होत्या. "ही कशासाठी?"

"त्या वहीसाठीच. सोमवारी चहा घेता घेता बाईंकडून कबूल करून घेतलं. उद्या दहाला मी वही आणायला जाणार होतो. आजारपणानंतरची पानं उघडून ठेवायची, मोठी करून भिंतीवर लावायची. एक रसायनाचे प्राध्यापकही त्यांवर बोलणार आहेत. लोकांना जिद्द बघायची असते हो."

"चहा कुणी केला होता?"

तो गोंधळला. "चहा? लेकीने. तिथेच होती ती."

"आणि बुधवारी?"

"बाराला गेलो, कापडाची मापं घेतली, गप्पा झाल्या. तीनला निघालो. बाई अर्धा तास पडायला आतल्या खोलीत गेल्या, लेकीने मला दारापर्यंत सोडलं."

परतीच्या वाटेवर मास्तरांनी हाच गुन्हेगार असल्याची चार कारणं दिली. ताईंनी चारही ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "भावोजी, उद्या नऊला सगळ्यांना कार्यशाळेत बोलवा. दहा बादल्या पाणी भरून ठेवायला सांगा."

"म्हणजे वही सापडणार?"

"वही रोज त्या कार्यशाळेत येते-जाते आहे."

मास्तरांना रात्री जेवण गेलं नाही.

*

शनिवारी नऊला बादल्या ओळीने भरून तयार होत्या. बाई गुडघ्यावर बसून कापड ओलं करत होती. कडेला एका जागी सूत विरायला लागलं होतं. शिष्या बाकावर, प्रदर्शनवाला दाराशी, लेक खिडकीपाशी. मास्तर मधोमध उभे राहिले, शाळेतल्यासारखे पाय जोडून.

"वेळ थोडा आहे, तेव्हा सरळ बोलते," ताई म्हणाल्या. "पेटी फोडली नाही, चावीने उघडली. त्यानंतर ती चावी कापडावर का गेली? चोराने वही काढली, पेटी बंद केली, आणि चावी खिळ्याला लावायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. खिळा दाराशी आहे, तिकडे जाण्याइतकी सवड नव्हती. हातात लोखंडी चावी, आणि समोर त्रेसष्ट लोखंडी वस्तू प्लास्टिकखाली. याहून चांगली लपवायची जागा कुठली? पण हे सुचतं कुणाला, तर या कामात मुरलेल्या माणसाला. आणि त्याच माणसाला घाईत एक गोष्ट सुचली नाही. हे कापड काही विसरत नाही."

"मी सांगितलंच होतं," प्रदर्शनवाला शिष्येकडे बघून पुटपुटला. त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"ठसा एका दिवसाचा आहे. भावोजींनी पट्ट्या लावून पाहिल्या, बाईंनीही पाहिल्या. मंगळवारी तीनला वही पेटीत होती. शिष्या मंगळवारी चारला आली आणि गुरुवारी अकराला. चावी तिने ठेवली-उचलली असती तर जवळजवळ दोन दिवस झाले असते, ठसा तपकिरी उठला असता. प्रदर्शनवाले मंगळवारनंतर एकदाच आले, बुधवारी, तीन तासांसाठी. तीन तासांत नारिंगी होत नाही."

बाईचा शिंपडणारा हात थांबला.

"आता चावी. या खोलीतलं लोखंड गंजतं, पण चावी गुळगुळीत होती आणि तिला मधाचा वास येत होता. ज्याने ती कापडावरून उचलली त्याने पुसली, वाळवली, आणि मेण चोळलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. चोराला फक्त खिळ्याला अडकवून निघून जायचं होतं. पण कापडावरून उचललेलं लोखंड चोळल्याशिवाय ठेवायचं नाही, हे ज्याच्या हाताला जडलंय, त्याचा हात ऐकत नाही. बाहेरच्या माणसाने असं केलं नसतं. शिष्येचा हातही तसाच वळलेला आहे, पण तिने सहा वर्षांपूर्वी शाळा सोडली. ती अजून तेल लावते. काल आमच्यासमोर लावत होती. मेण इथे तीन वर्षांपासून आलं."

लेकीने पिशवीचा बंद घट्ट धरला.

"मंगळवारी बाई शिष्येला घेऊन वर आल्या तेव्हा कोपऱ्यात प्लास्टिक उचलून कोण बसलं होतं? दोघी सहापर्यंत खिळ्याखालच्याच बाकावर बसल्या. बुधवारी तीनपर्यंत पाहुणा होता. तीनला बाई आडव्या झाल्या, आणि चावी खिळ्यावर गेली. मंगळवारी चार ते बुधवारी तीन, तेवीस तास." ताईंचा आवाज खाली आला. "बाळ, फरशी ओली असो की कोरडी, तू ती पिशवी खांद्यावरून काढत नाहीस. आता काढ."

लेकीने पिशवी उतरवली. डबा बाजूला केला. खालून दोऱ्याने बांधलेली जाड, डागाळलेली वही बाहेर आली.

बाई उठून उभी राहिली. गुडघ्यांवरून पाणी गळत होतं. "तू?" एवढंच ती म्हणाली. मग म्हणाली, "माझं काम बुडावं असं वाटत होतं तुला?"

"नाही, आई."

"ती खरं बोलतेय," ताई म्हणाल्या. "कापडाला काही होणार नाही, असं काल ती छातीठोकपणे म्हणाली. कारण सोड्याचं माप तिला पाठ आहे. बाई, काल तुम्ही चार मापं व्हिनेगर सांगितलंत. तिने तीन घातलं. भावोजींनी पाहिलंय."

"मला वाटलं, चुकली," मास्तर ओशाळून म्हणाले.

"चुकली नाही. भावोजी, त्या दोन पट्ट्या."

मास्तरांनी भिंतीवरून पट्ट्या काढून बाईच्या हातात दिल्या. बाई खिडकीशी गेली. एकीच्या चिठ्ठीवर तीन, दुसरीच्या चिठ्ठीवर चार, दोन्ही तिच्याच अक्षरात. रंग एकच. ती किती वेळ उभी होती ते मास्तरांनी मोजलं नाही.

"केव्हापासून?" तिने विचारलं. मान वळवली नव्हती.

"आठ महिने," लेक म्हणाली. "तुझा तीन आणि चारमध्ये गोंधळ होतो. वहीतही होतो. पहिल्यांदा कापड जळालं तेव्हा तू दोन दिवस जेवली नाहीस. डॉक्टर म्हणाले होते, हिच्या हाताचं काम सुटता कामा नये. मग मी गुपचूप बरोबर माप घालायला लागले, आणि तुझी चित्रं परत चांगली यायला लागली. पण सोमवारी हे प्रदर्शनवाले म्हणाले, नेमकी तीच पानं काचेत ठेवणार, प्राध्यापक तपासणार. सगळ्यांसमोर तुझं हसं झालं असतं. मी ती पानं तुझ्या अक्षरात नीट लिहून आज सकाळी परत ठेवणार होते. अकरा राहिली होती. तू एक दिवस आधीच पेटी उघडलीस."

आता रडारड होणार, मास्तरांना वाटलं, आणि त्यांनी बादल्यांकडे बघायला सुरुवात केली. पण बाई रडली नाही. ती तरातरा आली, वही लेकीच्या हातातून घेतली आणि मधलंच एक पान उघडून तिच्यासमोर धरलं.

"हे वाच. एकोणीस वर्षांपूर्वीचं."

"'मीठ दुप्पट घातलं. कापड भोकं पडून वाया.'"

"हे?"

"'लिंबाचा रस. वास. उंदीर लागले. पुन्हा करू नये.'"

"बावीस वर्षांच्या वहीत निम्म्याच्या वर चुका आहेत. म्हणून तर ती वही आहे. एक पान फाडलं नाही मी. काट मारायची आणि खाली पुढचं लिहायचं. तू वही चोरलीस ते सोड. तू माझ्या चुका चोरल्यास. मला कळलंच नाही की मी चुकतेय, मग मी सुधारणार कशी?" तिने वही मिटून लेकीच्या हातात दिली. "आठ महिने एकटी हे ओझं वाहिलंस. वेडी कुठली."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहू लागलं. बाईने नारिंगी तळव्याने ते पुसलं आणि लेकीचा गालही नारिंगी झाला.

"नंतर रड. थांबवणीचं पान काढ. मी काय लिहिलंय?"

"दहा बादल्यांना चार पेले सोडा."

"आणि खरं किती?"

"तीन."

"काट मार माझ्या चारवर. खाली तीन लिही. माझं अक्षर काढायचं नाही, तुझ्याच अक्षरात."

लेकीने लिहिलं. शिष्या बाकावरून उठून जवळ आली होती. तिचे ओठ हलत होते, तीन, तीन. बाईने तिच्याकडे पाहिलं. "या खेपेला तरी लिहून घे," ती म्हणाली. शिष्येने पिशवीतून कागद शोधायला घेतला.

प्रदर्शनवाला पुढे झाला. "बाई, मग काचेत दुसरी पानं ठेवू या. आजाराच्या आधीची. आणि तो चावीचा ठसा जरा पुसता आला तर..."

"काचेत हेच पान. आजच्या तारखेचं. तुमच्या प्राध्यापकांना म्हणावं, दोन अक्षरं आहेत, दोन्ही वाचा. आणि ठसा राहील. चित्राखाली सही करतानाही दोघी करू." तिने बाह्या वर सारल्या. "मास्तर, तुम्ही मोजण्यात चुकत नाही म्हणे. ही घालेल, मी बघेन, तुम्ही मोठ्याने मोजा."

मास्तरांनी छाती पुढे काढली. लेकीने पहिला पेला भरला, आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

"एक," मास्तर म्हणाले.

"दोन."

"तीन."

बाईचा हात आपसूक पुन्हा सोड्याच्या डब्याकडे गेला. तिने तो मधेच पाहिला आणि मागे घेतला. मग ती चौदा हात कापडाच्या एका टोकाला गेली, लेक दुसऱ्या टोकाला, आणि दोघींनी ते एकदमच उचललं.